ओजिमातली स्वीडिश सायकल

जुनी सायकल सुटी करून परत जोडली की डब्यात दोन-चार वॉशर आणि एखादा नट उरतोच. तो कुठला, हे जोडणाऱ्याला सांगता येत नाही, आणि सायकल त्याच्यावाचून छान चालते. आमच्या सायकलवाल्या मंडळींचे किस्से असेच उरत गेलेत. दिवाळीच्या फराळाला कुणीतरी नवीन पोस्टिंगवर आलेलं जोडपं असतं, ते विचारतं, "तुम्ही वीकेंडला काय करता इथे?" मग डबा उघडतो आणि फराळ बाजूला राहतो.

मंडळी म्हणजे फार नाहीत. माझा नवरा मकरंद, त्याचा मित्र देवधर आणि टोकियोतल्या ओजिमा भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणारे ओकामोतो-सान. मी त्यांच्यात नाही. सोफ्यावर चेन सापडली की ओरडणं, एवढंच माझं काम.

मी बँकेत आहे. मला टोकियोचं पोस्टिंग मिळालं तेव्हा मकरंदने नोकरी सोडली आणि डिपेंडंट व्हिसावर माझ्याबरोबर आला. पहिलं वर्ष तो जपानी शिकला. दुसऱ्या वर्षी आंबवलेल्या मुळ्याचे प्रयोग झाले, ते आमच्या नाकाने थांबवले. तिसऱ्या वर्षी बिल्डिंगच्या सायकल स्टँडमध्ये, अगदी कोपऱ्यात, त्याला ती दिसली.

उंच दांडी, लांब वळलेलं हँडल, चामड्याची सीट, आणि सगळीकडून एकच रंग, तपकिरी. ओकामोतो-सान तरुणपणी एका ट्रेडिंग कंपनीत होते. कंपनीने त्यांना काही वर्षं स्वीडनला पाठवलं होतं. परत येताना लोक काचेची भांडी आणतात, यांनी बोटीतून सायकल आणली. आता ते ऐंशीच्या पुढचे. मागच्या वर्षी भाजी आणायच्या साध्या सायकलवरून पडले, तेव्हापासून त्यांच्या मुलीने सायकल बंद केली. ती ग्योतोकुला राहते आणि कडाक्याची थंडी पडायच्या आत त्यांना तिकडे कायमचं घेऊन जाणार होती. तिच्या फ्लॅटमध्ये सायकलला जागा नव्हती.

मकरंदने सायकलीबद्दल विचारलं तर ते म्हणाले, "घेऊन जा. दुरुस्त कर. फक्त जायच्या आधी मला एकदा त्यावर चक्कर मारू दे. मग ती तुझी."

आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मुलीला सांगू नकोस."

मकरंद घरी आला तो हे सांगतच. इतका खूश मी त्याला इथे आल्यापासून पाहिला नव्हता. मला आत कुठेतरी बरं वाटलं, हे कबूल करते. त्याला तसं सांगितलं मात्र नाही, नाहीतर त्याने दुसरीही सायकल आणली असती.

*

पहिली अडचण कुलुपाची. या सायकलींना मागच्या चाकावरच कुलूप असतं, एक कडी स्पोकमधून आरपार जाते. ते लागलेलं होतं आणि किल्ली कुठे आहे ते ओकामोतो-सानांना आठवत नव्हतं.

मी म्हटलं, "कापून टाका."

मकरंदने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सासूबाईंबद्दल काही बोलले. "ओरिजिनल कुलूप आहे ते!"

कुलूप ओरिजिनल, म्हणून चाक फिरणार नाही, म्हणून सायकल न्यायची तर उचलून. देवधर चार बिल्डिंगा पलीकडे राहतो. सगळी हत्यारं त्याच्या बाल्कनीत. तेव्हा दर रविवारी सकाळी हे दोघे सायकल उचलून इकडून तिकडे नेत आणि संध्याकाळी परत आणून ठेवत. सायकलीपेक्षा ते दोघेच जास्त चालले.

एका रविवारी पोलीस आडवा आला. दोन परदेशी माणसं कुलूपबंद सायकल उचलून पळताहेत, त्याचं काय चुकलं? मकरंदचं जपानी क्लासमध्ये शिकलेलं. त्यात त्याला पूर्ण वाक्यात खरं तेवढंच बोलता येतं.

"ही सायकल तुमची आहे का?"

"नाही. ही सायकल माझी नाही."

"किल्ली आहे का?"

"नाही. किल्ली माझ्याकडे नाही."

"कुठे नेताय?"

"याच्या घरी नेतो आहे. आम्ही तिचा गंज बघणार आहोत."

देवधरने फोन केला, ओकामोतो-सान घरातल्या सपातांवर धावत आले आणि वाकून वाकून सगळं समजावलं. पोलीस तरुण होता, भला होता. एवढं ओझं पाहून त्याला वाईट वाटलं असावं. त्याने मागची बाजू धरली आणि थेट देवधरच्या दारापर्यंत पोचवून दिलं.

संध्याकाळी इंडियन ग्रोसरीत मी भेंडी निवडत होते तर एक ओळखीच्या बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, देवधरांना पोलिसांनी सायकलीसकट घरी आणून सोडलं म्हणे. देवधर वहिनी कशा आहेत?"

*

देवधरबद्दल सांगायला हवं. तो शास्त्रज्ञ आहे. एका संशोधन संस्थेत तो धातूंवर गंज कसा चढतो आणि तो कसा थांबवायचा यावर काम करतो. सोमवार ते शुक्रवार गंज चढू नये म्हणून झटतो आणि रविवारी गंज जाऊ नये म्हणून.

"वहिनी, हा गंज नाही, हा पॅटिना आहे," तो मला समजावतो. "जुन्या सायकलीवर वर्षानुवर्षं चढलेला हा थर काढायचा नसतो. तो तिचा इतिहास असतो."

मी म्हटलं, "मग तुझ्या घरचा तवा बघ एकदा. त्यात बराच इतिहास आहे."

पुस्तकं वाचून दोघांनी असे बरेच नियम करून ठेवले होते. मूळ रंगाला हात लावायचा नाही. मूळ स्क्रू बदलायचा नाही. सीटच्या मागे चामड्याची छोटी हत्यारांची पिशवी लटकत होती, तिचा पट्टा वाळून कडक झाला होता. तोही उघडायचा नाही, कारण पट्टा तुटला तर तसा पट्टा आता जगात मिळत नाही. स्वीडनमधल्या कुणा आजोबांशी मकरंदची इमेलवर दोस्ती झाली होती. त्यांनी चेनकव्हरचा एक स्क्रू फुकट पाठवला आणि बरोबर लिहिलं, "आमच्याकडे अशा सायकली लोक विहिरीत टाकतात. तुम्ही बरे आहात ना?"

*

ऑगस्ट संपता संपता सासूबाई आल्या. चिंचवडहून. बॅगेत थालीपिठाची भाजणी, नातीसाठी फ्रॉक आणि घरी कढवलेलं साजूक तूप. तूप चेक-इनमध्ये फुटू नये म्हणून बाटलीला त्यांनी स्वतःची शाल गुंडाळली होती.

त्याच आठवड्यात मकरंदने कुठेतरी वाचलं की चामड्याच्या जुन्या सीटला प्राण्याची चरबी चोळतात. प्राण्याची चरबी घरात नव्हती. तूप होतं.

सीट मऊ झाली, हे खरं. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल स्टँडवर कावळे जमले. टोकियोचे कावळे ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको, कोंबडीएवढे असतात आणि कुणाला भीत नाहीत. एक सीटवर बसून चोच मारतोय, बाकीचे रांगेत. मकरंदने कचऱ्याच्या ढिगावर टाकतात ती जाळी आणून सायकलीवर टाकली.

आता जाळीखाली तपकिरी रंगाची, कुलूप लागलेली, न हलणारी सायकल. आमच्या हौसिंगच्या ऑफिसातल्या माणसाने जे कुणीही केलं असतं तेच केलं. हँडलला पिवळी चिठ्ठी बांधली. ही सायकल बेवारस दिसते, मालकाने हलवावी, नाहीतर उचलून नेण्यात येईल.

मकरंद म्हणाला, "आम्हीही उचलूनच नेतो."

देवधर तर हरखला. "म्हणजे पॅटिना एकदम जेन्युइन आहे!" त्याने चिठ्ठीसकट फोटो काढून स्वीडनच्या आजोबांना पाठवला.

आमची ईरा नऊ वर्षांची आहे आणि महत्त्वाचं काही असलं की जपानीत बोलते. ती बापाला म्हणाली, "हाझुकाशी." म्हणजे लाज वाटते. मग मराठीत म्हणाली, "बाबा, शाळेत सोडायला आईला पाठव."

सासूबाईंना चिठ्ठीचा अर्थ मी सांगितला. त्या बाटलीत उरलेल्या तुपाकडे बघत होत्या.

*

पुढच्या शनिवारी मी ऑफिसात होते. मकरंद आणि देवधर कुठल्याशा जुन्या बाजारात घंटीची स्प्रिंग शोधायला गेले होते. ईराचा स्विमिंगचा क्लास होता. घरी सासूबाई एकट्या.

आम्ही संध्याकाळी परत आलो तर त्या खाली स्टँडपाशी छोट्या स्टुलावर बसल्या होत्या. पदर खोचलेला. शेजारी बादली, माझा नवा काथ्या, साबणाचं पाणी आणि वाटीत भिजवलेली चिंच. चिंच घंटीला, साबण बाकीच्याला. सायकल चकाकत होती.

देवधर जमिनीवर बसला. खरंच बसला. बराच वेळ तो नुसता मडगार्डवर हात फिरवत होता. मग म्हणाला, "काकू, इथे कंपनीचं सोनेरी नाव होतं."

"ते निघत नव्हतं," सासूबाई म्हणाल्या, "पण काढलं मी."

मला हसूही येईना. मकरंदचा चेहरा पाहिला आणि त्याची दया आली, देवधरचीही आली, आणि सासूबाईंचा रागही आला. उन्हाळाभर या दोघांनी जपलेलं सगळं त्यांनी एका दुपारी बादलीत ओतलं होतं. त्यात ओकामोतो-सान दार उघडून बाहेर आले. सायकल अजून त्यांची होती. आम्ही तिघेही कमरेत वाकून माफीच्या तयारीत.

ते सायकलीजवळ गेले. बघत राहिले. मग म्हणाले, "निळी होती ही."

देवधरने मडगार्डवरचा हात काढला.

"मी विसरलोच होतो," ते म्हणाले. "निळी होती." आणि सासूबाईंना इतके खाली वाकले की त्याही गडबडून उभ्या राहिल्या आणि त्यांनी ओल्या हातांनी नमस्कार केला.

मग सासूबाईंनी कमरेला खोचलेलं काहीतरी काढून मकरंदपुढे धरलं. "हे घे. त्या मागच्या पिशवीत होतं. पट्टा जरा तुटला."

लहानशी पितळी किल्ली होती. कुलपाला लावली, कडी टक्कन मागे सरकली, चाक फिरलं.

सासूबाई म्हणाल्या, "मग तुम्ही इतके दिवस उचलून का नेत होतात?"

*

चाक फिरलं आणि नवी भानगड कळली. या सायकलीला हाताचे ब्रेकच नाहीत. पॅडल उलटं मारलं की मागचं चाक जाम होतं, तोच ब्रेक. त्यामुळे ती रस्त्यावर न्यायची नाही, हौसिंगच्या आवारातच चालवायची, असं ठरलं.

आपल्याकडे सायकल शिकलेला माणूस उतारावर ऐटीत उलटं पॅडल मारतो. काम काही नसतं, सवय असते. मकरंदने ती ऐट केली आणि सायकल जागच्या जागी थांबली. मकरंद थांबला नाही.

देवधर म्हणाला, हा मेंदूच्या सवयीचा प्रश्न आहे. त्याने पाटीवर आकृती काढली, आम्हाला समजावलं, मग स्वतः बसला. वळणावर समोर झाडू मारणाऱ्या एक आजी आल्या. देवधरच्या मेंदूला आकृती पाठ होती, पण हातांनी नसलेला ब्रेक दाबला. पुढच्या क्षणी तो अझेलियाच्या झुडपांच्या कुंपणात होता, फक्त बूट बाहेर.

आतून आवाज आला, "थिअरी बरोबर होती."

हे सगळं बाकावरून दोघं जण बघत असत. ओकामोतो-सान आणि सासूबाई. तोवर त्यांची रोजची बैठकच जमली होती. हे जपानीत बोलत, त्या मराठीत. एकदा मी विचारलं, "आई, तुम्हाला काय कळतं त्यांचं?" म्हणाल्या, "त्यांना मुलीकडे जायचं नाहीये. आणि तिला वाईट वाटेल म्हणून ते तसं म्हणत नाहीत. यात जपानी काय आहे?"

*

मग दसरा आला. दसऱ्याला वाहनाची पूजा हवी आणि आमच्याकडे दुसरं वाहन नव्हतं. सासूबाईंनी फुलांच्या दुकानातून झेंडू आणून हार केला, हँडलला घातला, कुंकू लावलं, पुढे दिवा ठेवला आणि आम्ही जेवायला वर गेलो.

इथे रस्त्याच्या कडेला कुणी अपघातात गेलं की त्या जागी फुलं ठेवतात. ये-जा करणारी माणसं त्या माणसाच्या आवडीचं काही प्यायला ठेवून हात जोडतात. हे मला ठाऊक होतं. फक्त त्या दिवशी लक्षात नव्हतं.

आमच्या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्या शेजारणींनी ओकामोतो-सानांची सायकल ओळखली. जेवण होऊन मी खाली आले तर सायकलीपुढे चहाच्या बाटल्या, तांदळाची बिस्किटं, एक संत्रं, आणि तीन आजी डोळे मिटून हात जोडून उभ्या. तेवढ्यात पत्रपेटी बघायला स्वतः ओकामोतो-सान आले. आजींनी डोळे उघडले.

त्यानंतर जे झालं ते शांत झाल्यावर ओकामोतो-सानांनी चहाची एक बाटली उचलली, झाकण उघडलं आणि म्हणाले, "माझ्यासाठीच आहे ना?"

पण बातमी तोवर ग्योतोकुला पोचली होती. मुलगी ऑफिसातून तशीच आली. वडील जिवंत पाहून आधी रडली, मग सायकल पाहून चिडली. तिला ठरलेल्या चक्करसकट सगळं कळलं. तिथेच, आमच्यासमोर, झेंडूच्या हारासमोर, तिने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की ते सायकल चालवणार नाहीत. ओकामोतो-सान मान खाली घालून "हो" म्हणाले. ती वाईट नव्हती. मागच्या वेळी ते पडले तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर तीच बसली होती. मला तिचंही पटत होतं.

मकरंद त्या संध्याकाळी जेवला नाही. "एक चक्कर," एवढंच म्हणाला. "एकच चक्कर मागत होते गं."

*

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. दुपारी मुलगी त्यांना न्यायला येणार होती. दोन दिवसांनी सासूबाईंचं विमान होतं. गिंकोची पानं पिवळी होऊन आवारभर पडली होती. सकाळी मकरंद आणि देवधर सायकल पुसून, चेनला तेल देऊन उगाच उभे होते.

ओकामोतो-सान बाहेर आले. डोक्यावर टोपी, गळ्यात मफलर. सायकलीभोवती एकदा फिरले, हँडल धरलं आणि आम्हाला काही कळायच्या आत टांग टाकून बसले.

मकरंदने धावत जाऊन कॅरियर पकडलं. "ओकामोतो-सान, तुमची मुलगी..."

"ती दुपारी येणार," ते म्हणाले.

सायकल जराशी डुगडुगली. सासूबाई बाकावरून उठल्या. "एकट्यांना सोडू नका. मी बसते मागे."

मी म्हटलं, "आई, ते पडले तर तुम्हीही पडाल."

"मग सोबत तरी होईल," असं म्हणून त्या कॅरियरवर एका बाजूला बसल्यादेखील. साडी, वर माझं थंडीचं जॅकेट, पायात ईराचे जुने स्पोर्ट्स शूज. मकरंदने हात सोडले की सुटले कोण जाणे. सायकल निघाली. आधी वाकडी, मग सरळ. निळी सायकल पिवळ्या पानांवरून गेली आणि पलीकडच्या बिल्डिंगच्या मागे वळली. मकरंदचे डोळे भरले होते. माझेही.

आवाराला एक चक्कर मारायला फार वेळ लागत नाही. तेवढा वेळ झाला. त्याहून जास्त झाला. देवधर म्हणाला, "ब्रेकचं त्यांना माहीत असेलच." कुंपणाकडे कुणी पाहिलं नाही.

आणि स्टेशनच्या बाजूने मुलगी आली. लवकर. काखेत सामानासाठी आणलेली, घडी केलेली खोकी.

"बाबा कुठे आहेत?"

मकरंदला पूर्ण वाक्यात खरं तेवढंच बोलता येतं, म्हणून मी त्याच्या पायावर पाय ठेवला. देवधर पुढे झाला आणि हिवाळ्यात गंज कमी का चढतो ते तिला सांगू लागला. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिची नजर स्टँडमधल्या रिकाम्या जागेकडे गेली.

तेवढ्यात चिंचेने घासलेली ती घंटी वाजली.

बिल्डिंगच्या मागून सायकल वळून आली. पुढे सीटवर सासूबाई, साडी गुडघ्याशी खोचलेली, पाठ ताठ, पॅडल मारताहेत. त्यांना सायकल येते हे त्यांच्या पोटच्या पोरालाही माहीत नव्हतं, तो तोंड उघडं टाकून बघत होता. मागे कॅरियरवर ओकामोतो-सान, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, एका हाताने टोपी धरून बसलेले. सासूबाईंनी आमच्यासमोर येऊन पॅडल उलटं मारलं. सायकल अलगद थांबली.

मुलीच्या काखेतली खोकी खाली पडली. "बाबा, तुम्ही मला शब्द दिला होतात."

ओकामोतो-सान कॅरियरवरून उतरले नाहीत. गाल थंडीने लाल झाले होते.

"मी कुठे चालवतोय?"